विंड चाइम मुका झालाय, बद्द वाजतोय की रात्रभर थांबतच नाही? ठाण्याच्या गॅलरीत काय काय तपासायचं

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत बहुतेक गॅलऱ्यांमध्ये कुंड्यांच्या गर्दीत कुणीतरी भेट दिलेला एक विंड चाइम असतो. झाडांना रोज पाणी मिळतं, महिन्याला खत मिळतं. चाइम मात्र एकदा टांगला की कुणी त्याच्याकडे बघत नाही. वर्ष-दोन वर्षांत तो गुंततो, मुका होतो किंवा त्याची एखादी नळी खाली येते, आणि मग पिशवीत भरून माझ्याकडे येतो. या दुरुस्त्या मी पुष्कळ वर्षं करते आहे आणि बिघाड दर वेळी तेच ते असतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधीच सांगते, नळी बिघडलेली मी क्वचित पाहिली आहे. कुजतो तो दोरा, आणि त्याहूनही जास्त वेळा चुकलेली असते ती जागा. तेव्हा नवा आणायला बाजारात जायच्या आधी खालच्या तपासण्या क्रमाने करा. पहिल्या दोनतीनांना एक पैसा लागत नाही.

भागांची नावं एकदा ठरवून घेऊ. वर असते ती चकती. तिला टांगलेल्या नळ्या. त्यांच्या मधोमध लोंबणारा गोल तुकडा म्हणजे लोलक. लोलकाच्या खाली दोऱ्याला लटकलेलं जे असतं (कधी लाकडी चौकोन, कधी मासा, कधी पत्र्याचं फुलपाखरू) त्याला मी पान म्हणते. वारा पान पकडतं, पान लोलकाला ओढतं आणि लोलक नळीवर आपटतो. एवढंच यंत्र आहे.

लक्षणं

- मोगऱ्याची पानं हलताहेत, पण चाइम गप्प: तपासणी १ ते ४.
- वाजतो, पण आवाज घुमत नाही, नुसतं ‘टक्‌ टक्‌’ होतं: तपासणी २, ५ आणि ६.
- एकच नळी बद्द वाजते, बाकीच्या छान: तपासणी २, मग ६, मग ७.
- दोरे एकमेकांत गुंतलेत, चकती तिरकी झालीय किंवा नळी गळून पडलीय: थेट तपासणी ६.
- चाइममध्ये काही दोष नाही, पण रात्री अडीच वाजताही थांबत नाही आणि सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज येतो: रात्रीचा वेगळा भाग खाली आहे.

१. खाली काढा आणि घरात वाजवून बघा

स्टुलावर नीट उभं राहून हात पोचत असेल तरच काढा. ग्रिलच्या बाहेर वाकावं लागत असेल तर इथेच थांबा, त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

घरात पंखा बंद करा. वरची कडी एका हाताने धरून चाइम अंगापासून दूर धरा. दुसऱ्या हाताने लोलक थोडा बाजूला ओढून सोडा. नळीला हात लावू नका, नुसतं बोट टेकलं तरी आवाज जागच्या जागी मरतो. प्रत्येक नळी अशी वाजवून बघा.

घरात छान वाजला तर चाइम ठणठणीत आहे, दोष बाहेरच्या जागेत आहे. मग दोरे सोडवत बसू नका, तपासणी २, ३ आणि ४ कडे वळा. घरातही बद्दच वाजला तर दोष चाइममध्ये आहे. ही दोन मिनिटं खर्च केली नाहीत तर जागेचा दोष असताना सगळा चाइम नव्याने ओवण्यात रविवार जातो.

२. नळीला काही टेकलंय का

नळीचा आवाज आतल्या हवेतून येतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. आपटल्यावर ती नळी धातूच्या पट्टीसारखी, डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते आणि सरळ होते, त्या थरथरीचा तो आवाज. म्हणून बाहेरून काहीही टेकलं की ती थरथर तिथेच जिरते. गॅलरीत टेकणाऱ्या गोष्टींची कमी नसते.

वेल. कृष्णकमळ, कारलं आणि दोडका यांच्या तणाव्यांना चाइमचा दोरा म्हणजे आयता आधार, आणि पावसाळ्यात तो रातोरात धरला जातो. गोकर्णाला तणावे नसतात, तो सगळाच्या सगळा दोऱ्याभोवती पिळत वर जातो. कात्रीने छोटे तुकडे करून काढा. ओढून काढलात तर दोरा आधी तुटतो.

चिकटा. हा लक्षात यायला वेळ लागतो. चाइम जास्वंदीखाली असेल आणि जास्वंदीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल तर त्यांचा गोड चिकट स्राव खाली टपकत राहतो. दोऱ्यावर तो वाळतो, त्यावर रस्त्याची धूळ बसते, मग काळी बुरशी येते. दोरा काडीसारखा ताठ होतो आणि लोलक हलेनासा होतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून जुन्या टूथब्रशने दोरे धुवा, सावलीत वाळवा. जास्वंदीचा बंदोबस्त केला नाही तर पंधरा दिवसांत परत तेच. नीम तेल फवारताना मात्र चाइम आत घ्या, नाहीतर तेलकट दोऱ्यावर धूळ दुप्पट बसते.

कुंभारीण माशी. एकच नळी बद्द वाजत असेल तर ती उजेडासमोर धरून आरपार बघा. एखादी नळी मातीने लिंपलेली निघते. कुंभारीण माशी अशा पोकळ्या शोधत असते. ती आत कोळी किंवा अळ्या भरते, अंडं घालते आणि तोंड चिखलाने बंद करते. नळीच्या टोकाला मातीचा गोळा बसला की आवाज जाणारच. नळी पाण्यात भिजवून बांबूच्या काडीने माती निघते. पण लिंपण ताजं असेल तर मी काही आठवडे थांबते. ही माशी माणसाच्या वाटेला सहसा जात नाही, आणि तिने पकडलेल्या अळ्यांपैकी काही माझ्याच कढीलिंबावरच्या असणार.

मांजा. संक्रांतीनंतर हमखास. हातमोजा घालून काढा, तुकडा कचऱ्यात टाकताना कागदात गुंडाळा. काच लावलेला किंवा नायलॉनचा असेल तर बोट सहज कापतं.

कबुतरांची जाळी. पान जाळीला घासत असेल तर चाइम एक वीत आत घ्या. इतकी साधी गोष्ट आहे, पण ‘वाजत नाही’ म्हणून आलेल्या तक्रारींत ही नेहमी असते.

आणि एक अपवाद. चाइमच्या दोऱ्याला कोळ्याच्या जाळ्याने विणलेली, वाळक्या पानांची, साली-कचऱ्याची लांबट पिशवी लोंबत असेल तर तिला कचरा समजू नका. ते सूर्यपक्ष्याचं, म्हणजे शिंजिराचं घरटं असतं. दोरे, वायर, वाळत घालायच्या दोरीचं टोक, असं काही लोंबतं दिसलं की तो तिथेच बांधतो. अंडी घालण्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना-सव्वा महिना लागतो. तेवढे दिवस चाइमला हात लावायचा नाही, पाणी घालतानाही लांबून.

३. तिथे वारा येतो तरी का

हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. लोक चाइम ‘छान दिसेल’ अशा जागी लावतात, म्हणजे भिंतीला चिकटून, दोन मोठ्या कुंड्यांच्या मागे, स्लायडिंगच्या कोपऱ्यात. वायव्येला लावायचा की आणखी कुठे, सहा नळ्यांचा घ्यायचा की आठांचा, असंही मला विचारतात. त्यात मी पडत नाही. वारा कुठून येतो तेवढं सांगते.

पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. ठाण्यात येऊरचे डोंगर पश्चिमेला असल्यामुळे घोडबंदरच्या बाजूला तो सरळ येत नाही, झोतांनी येतो. थोडा वेळ सामसूम, मग एकदम दणका. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटतो. थंडीत सकाळी तो उलट पूर्वेकडून, जमिनीवरून येतो. म्हणजे पूर्वेच्या गॅलरीतला चाइम मे महिन्याच्या दुपारी गप्प बसला तर त्यात बिघाड काहीच नाही. स्वयंपाकघराची पश्चिमेची खिडकी उघडून बघा, घरातून आरपार झुळूक सुरू झाली की तो बोलायला लागतो. नवी मुंबईत पाम बीच रोडला खाडीकडे तोंड असलेल्या घरांची तक्रार बरोबर उलटी असते, तिथे वारा मोजका कसा मिळेल ते बघावं लागतं.

तपासायची सोपी रीत: संध्याकाळी उदबत्ती लावा आणि गॅलरीत ठिकठिकाणी धरून धुराकडे बघा. धूर सरळ वर जातो ती जागा चाइमची नाही. धूर आडवा पळतो ती जागा चांगली. धूर गोल गोल फिरत घुटमळतो तिथे चाइम टांगलात तर दोरे पिळले जातात आणि पुढचा गुंता तिथेच सुरू होतो. बहुतेक गॅलऱ्यांत भिंतीपासून फूटभर सुटलेली, कठड्याच्या वरची जागा उत्तम निघते.

४. पान पुरेसं आहे का

बाजारातल्या स्वस्त चाइमचं पान शोभेचं असतं. दोन इंची लाकडी बदाम किती वारा पकडणार? वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट, वेग निम्मा झाला तर जोर पाव. मंद झुळकीत म्हणूनच छोटं पान ढिम्म हलत नाही आणि वादळात तेच पान थयथयाट करतं.

झुळकीला वाजायला हवा असेल तर पान मोठं आणि हलकं करा. आईस्क्रीमच्या डब्याचं झाकण किंवा प्लास्टिकच्या जुन्या फाइलचा हातभर नव्हे, तळव्याएवढा तुकडा पुरतो. जुनी सीडी हाही चांगला आकार आहे, फक्त तिची तिरीप समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणाच्या डोळ्यांत जात नाही ना ते बघा. आमच्याकडे यावरून एक मीटिंग झाली आहे. चाइम जास्त वाजतो असं वाटत असेल तर उलट करा, पान कापून लहान करा. कात्रीचं काम आहे, खर्च नाही.

५. लोलक कुठे आपटतो

मूळ स्वराची थरथर मध्यावर जोरात असते. लोलक तिथे किंवा तिच्या जवळपास आपटला तर मूळ स्वर भरून येतो. दोरा सैल होऊन लोलक खाली घसरला की तो नळीच्या टोकाजवळ आपटतो, कर्कश आवाज काढतो किंवा नळ्यांच्या खालून नुसता झुलत राहतो. नळ्या वेगवेगळ्या लांबीच्या असल्या तर मधल्या नळ्यांचा मध्य धरून लोलकाची उंची ठरवा.

लोलक आणि नळी यांच्यात एक-दोन बोटांचं अंतर हवं. नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं झालं की थोडं लांबतं, त्यामुळे जूनमध्ये वाजेनासा झालेला चाइम कधी कधी ऑक्टोबरच्या उन्हात आपोआप सुधारतो. प्लायवूडचा लोलक दमटपणाने फुगतो आणि त्याचे पदर सुटतात. असा मऊ पडलेला लोलक नळीवर ‘थप्‌’ करतो. सागाचा गोल तुकडा सुताराकडे मागितला तर मिळतो. कडा पॉलिशपेपरने घासा आणि दोन्ही बाजूंनी वॉर्निश लावा. रबराचा किंवा जाड प्लास्टिकचा लोलक लावू नका, आवाज मऊ नाही, मेलेला येतो.

६. दोरा

माझ्याकडे येणाऱ्या पिशव्यांपैकी बहुतेकांचं उत्तर इथे असतं. कंटाळवाणं काम आहे, एक दुपार जाते, पण हे नीट केलं की तीन-चार वर्षं बघावं लागत नाही.

दोरा का जातो? कापसाचा किंवा सुतळीचा असेल तर एका पावसाळ्यात कुजतो. साधा नायलॉन उन्हाने ठिसूळ होतो. बोटांत धरून दुमडला की त्याची भुकटी निघते. तिसरं कारण नळीच्या भोकाची कड. कारखान्यात भोक पाडल्यावर आत जी धारदार कोर राहते ती दर झुळकीला दोरा थोडा थोडा कापत असते. चाइम आडवा धरून भोकाजवळचा दोरा नीट बघा. तिथे तो केसाळ झालेला दिसला, एखादा धागा उभा राहिलेला दिसला, तर नळी पडायची वेळ जवळ आली आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून पडलेली धातूची नळी कुणाच्या डोक्यात बसली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. असा चाइम त्याच दिवशी आत घ्या.

काय आणायचं: पडद्यांच्या ब्लाइंडला असते तशी पॉलिस्टरची विणलेली बारीक दोरी. ती उन्हाला नायलॉनपेक्षा चांगली टिकते आणि पाणी फारसं शोषत नाही. जांभळी नाक्याच्या बाजारात पडद्याचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. तंगूसही चालतो, दिसायला सुबक असतो, पण त्याची गाठ निसटते आणि उन्हात तोही लवकर जातो. तंगूस वापरलात तर गाठ आवळण्याआधी ओली करा आणि दोन-तीन वेढे जास्त घ्या. तांब्याची तार वापरू नका. अॅल्युमिनियमला तांबं लागून राहिलं आणि वर पावसाचं पाणी बसलं की अॅल्युमिनियम झिजायला लागतं.

सोडवण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक नळीवर मार्करने क्रमांक घाला. मग जुने दोरे कापून टाका. गुंता सोडवत बसणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार, पण त्या दोऱ्याचं आयुष्य संपलेलंच असतं.

भोकाच्या कडा आधी साफ करा. बारीक गोल कानस फिरवा किंवा भोकापेक्षा जाड ड्रिलचं पातं नुसतं हाताने दोन-चार वेळा फिरवा. बोट फिरवल्यावर खरखर लागली नाही की झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नळी कुठे टांगलेली असावी? थरथरणाऱ्या नळीवर दोन जागा अशा असतात की त्या जवळजवळ स्थिर राहतात. दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्के अंतरावर त्या येतात. तिथे टांगली तर दोरा थरथर खात नाही आणि आवाज लांबतो. ३० सेंटिमीटरच्या नळीला हे अंतर येतं ६.७ सेंटिमीटर, ४० ला ९, ५० ला ११.२ आणि ६० ला १३.४. स्वस्त चाइमच्या नळ्यांना भोक अगदी टोकाला असतं, म्हणून त्या नव्या असतानाही फारशा घुमत नाहीत. त्यात बिघाड नाही, बनावटच तशी आहे.

मोजपट्टीवर विश्वास नसेल तर कानाने शोधा. नळी अंगठा आणि एका बोटाच्या चिमटीत हलकेच धरा, मध्यावर लाकडी चमच्याने टोला द्या, आणि चिमूट टोकाकडून हळूहळू खाली सरकवत पुन्हा पुन्हा वाजवा. एका ठिकाणी आवाज एकदम उघडतो. जेमतेम एक-दोन सेंटिमीटर पुढे गेलात की पुन्हा मिटतो. हा प्रयोग मुलांना द्या, अर्धा तास घरात शांतता नसते पण सगळे खूष असतात.

तुमच्या नळ्यांची भोकं टोकाला असतील आणि घरात ड्रिल असेल, तर योग्य जागी नवी भोकं पाडता येतात. नळी घसरू नये म्हणून लाकडी खाचेत बसवा, आधी खिळ्याने खूण ठोका, डोळ्याला चष्मा लावा. ड्रिल हाताळलेलं नसेल तर हे काम फॅब्रिकेटरकडे दहा मिनिटांचं आहे, त्याच्याकडेच द्या.

ओवताना प्रत्येक नळीला स्वतंत्र दोरा घ्या. एकच लांब दोरा सगळ्यांतून ओवलेला असला की एका जागी तुटून सगळा संसार खाली येतो. पॉलिस्टरच्या टोकांना उदबत्तीचा चटका द्या म्हणजे उसवत नाहीत. चकतीच्या वरच्या कडीत मासेमारीच्या सामानात मिळतं ते छोटं फिरतं स्विव्हल घातलंत तर वाऱ्याने चाइम गोल फिरला तरी वरचा दोरा पिळला जात नाही. वारंवार गुंता होणाऱ्यांनी हे नक्की करावं. नव्वद टक्के भांडण तिथेच मिटतं.

७. नळी

इथवर येऊनही एखादी नळी बद्दच असेल तर तिच्यात उभी चीर आहे का बघा. चीर गेलेल्या नळीला इलाज नाही. एम-सील भरून आवाज परत येत नाही, तो भराव उलट थरथर मारतो. पोचा छोटा असेल तर सोडून द्या. लोखंडी नळीवर गंज वरवरचा असेल तर बारीक पॉलिशपेपरने घासून पातळ क्लिअर लॅकर मारा. ऑइलपेंटचे दोन जाड हात दिलेत तर चाइम रंगीत होईल आणि गप्प बसेल. अॅल्युमिनियम काळपट-पांढुरकं झालं तर घाबरू नका, तो थर आतल्या धातूला सांभाळत असतो.

गंजलेलं टोक कापून टाकावं, असं कुणी सुचवतं. नको. नळीचा स्वर तिच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो. ४० सेंटिमीटरच्या नळीचा एक सेंटिमीटर कापलात तर स्वर पेटीवरच्या पुढच्या पट्टीच्या जवळ जाऊन पोचतो. चांगल्या चाइमच्या नळ्या बरेचदा पाच स्वरांत लावलेल्या असतात, भूप रागाच्या स्वरांसारख्या, म्हणून त्या कशाही क्रमाने वाजल्या तरी कानाला खटकत नाहीत. त्यातली एक बिघडवली की दर झुळकीला ती खटकणार.

रात्री थांबत नाही

याला मी बिघाडच मानते. तुम्हाला झोप लागते म्हणून वरच्या-खालच्यांनाही लागते असं नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्र म्हणजे १० ते ६, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसाची ५५. पण डेसिबल मोजायच्या आधी शेजाऱ्यांना विचारून घ्यावं. आमच्या मजल्यावरच्या वहिनींची पाळी रात्रीची असते, त्या दिवसा झोपतात. त्यांनी सांगितल्याशिवाय कुणाला कळणार?

सगळ्यात सोपा उपाय पानाशी आहे. पानाचा दोरा लोलकाला कायमचा बांधू नका, मध्ये छोटा एस-हुक घाला. रात्री पान काढून ठेवलं की वारा पकडायला काही उरत नाही, एरवीच्या वाऱ्यात चाइम शांत राहतो. जोराच्या वाऱ्याच्या रात्री तेवढ्याने भागत नाही. मग जुन्या सुती ओढणीची पट्टी नळ्यांभोवती सैलसर गुंडाळून वाळत घालायच्या कपड्यांचा एक चिमटा लावा. नळ्या ग्रिलला आपटत असतील तर ग्रिलचा लोखंडी खडखडाट घरभर जातो, तेव्हा चाइम ग्रिलपासून हातभर सुटा हवा.

पावसाळ्याआधीच्या वळवाच्या वाऱ्यांपासून ऑक्टोबरपर्यंत उंच मजल्यांवरच्यांनी चाइम घरातच ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. चक्रीवादळाचा इशारा आला की सगळ्यांनीच. ३ जून २०२० ला निसर्ग आणि १७ मे २०२१ ला तौक्ते, दोन्ही पावसाळा लागायच्या तोंडावरच आली. तौक्तेच्या दिवशी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचे झोत नोंदले गेले. अशा वाऱ्यात चाइम वाजत नाही, उडतो.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

हुक ग्रिलच्या बाहेर आहे आणि वाकल्याशिवाय हात पोचत नाही: तुम्ही वाकायचं नाही, घरातल्या मुलाला तर मुळीच नाही. फॅब्रिकेटर किंवा जाळी बसवणारे सेफ्टी बेल्ट लावून येतात. येताना बेल्ट नसेल तर परत पाठवा.

स्लॅबमधला हुक हलतोय: त्याच्या आजूबाजूला बोटाने ठोकून बघा. आवाज भरीव येत असेल तर गिट्टी (भोकातला प्लग) ढिली झाली असेल, नवी बसवता येते. पोकळ ‘ढप ढप’ आवाज, तपकिरी डाग किंवा प्लास्टरला केसासारख्या चिरा दिसल्या तर आतली सळई गंजून फुगत असण्याची शक्यता आहे. तिथे नवं भोक पाडू नका, गवंडीही परस्पर बोलवू नका. आधी सोसायटीला कळवा, स्ट्रक्चरल इंजिनियरने बघायची ती गोष्ट आहे. तीस वर्षांपेक्षा जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट तसंही बंधनकारक आहे.

बॉक्स ग्रिलचे जोड गंजलेत: चाइमच्या वजनाने काही होत नाही, पण त्याच ग्रिलवर कुंड्या असतात. ओल्या मातीने भरलेली बारा इंची एक कुंडी वीस किलोच्या घरात जाते, आणि अशा सहा-सात असतात. आधी कुंड्या आत घ्या, मग वेल्डिंगवाल्याला बोलवा. वरून रंग मारून हा गंज झाकू नका.

जवळून एसीची वायर किंवा गॅलरीतल्या दिव्याची उघडी जोडणी जाते: धातूचा चाइम तिथून लगेच हलवा. वायरचं वरचं आवरण घासलं गेलेलं दिसलं तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियन.

चाइमच्या वर किंवा शेजारच्या छज्जाला आग्या मोहोळ लागलंय: गॅलरीचं दार बंद ठेवा, धूर करू नका, पाणी मारू नका. सोसायटीमार्फत, मोहोळ हलवण्याचं काम येणाऱ्या माणसालाच बोलवा.

बांबू आणि काच

बांबूचा चाइम घुमत नाही, तो ‘टोक टोक’च करतो, तेव्हा त्याची तुलना धातूशी करू नका. त्याचा शत्रू दमटपणा आणि भुंगेरा. खाली पिवळसर भुकटी पडत असेल तर भुंगेरा लागला आहे. ती नळी काढून टाका, बाकीच्या चार दिवस कडक उन्हात वाळवून जवसाचं तेल चोळा. काच आणि शिंपल्यांचे चाइम पावसाळ्यात बाहेर ठेवूच नका. तुकडा तडकला की त्याच्या कडेने शेजारचा दोरा कापला जातो. फुटलेला तुकडा काढून उरलेले नव्या दोऱ्यात ओवा, आणि खाली कुंडी असेल तर मातीत हात घालण्याआधी काचेचे कण वेचून घ्या. माती वरून दोन बोटं खरवडून बदलली तर आणखी बरं.